मानदुखी : हातांनी केलेले उपचार म्हणजे केवळ महागडे मालीश?

हस्तस्पर्श :
‘मानदुखीवर व्यायाम हाच उपाय, हातांनी केलेले उपचार म्हणजे महागडे मालीश आणि रुग्णाला पुनःपुन्हा बोलावण्याची युक्ती,’ असे ‘रोखठोक’ यांनी काल ठणकावून लिहिले. फिजिओथेरपी हा माझा व्यवसाय असल्याने मला राग आला, हे लपवत नाही. मागे पाहण्यासाठी ज्याला सबंध धड फिरवावे लागते, त्याला पहिल्याच भेटीत व्यायामाचा छापील कागद देऊन वाटेला लावले, तर तो व्यायाम करत नाही आणि ‘व्यायामाचाही उपयोग झाला नाही’ असे सांगत फिरतो. रुग्णाला पालथे निजवून दुखऱ्या सांध्यावर दोन्ही अंगठ्यांनी लयीत, हळुवार दाब दिला की पुष्कळदा त्याच बैठकीत मान थोडी अधिक वळते, आणि व्यायाम शिकवायचा तो नेमका तेव्हाच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत १८३ रुग्ण होते. सात आठवड्यांनी हस्तोपचारांच्या गटातील ६८ टक्के, व्यायामप्रधान फिजिओथेरपीच्या गटातील ५१ टक्के आणि नेहमीच्या डॉक्टरी उपचारांच्या गटातील ३६ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते किंवा पुष्कळ सुधारले होते. याला मालीश म्हणायचे?

रोखठोक :
आकडे अर्धेच सांगायचे, ही जुनी खोड आहे. त्याच रुग्णांची वर्षभराने पाहणी झाली तेव्हा तिन्ही गटांतील फरक जवळजवळ विरला होता, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर झालेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. रबरी पट्टे व वजने वापरून ताकद वाढवणाऱ्या गटातील ७३ टक्के स्त्रियांना वर्षाअखेरीस पुष्कळ किंवा पूर्ण आराम होता. तुलनेच्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, २७२ जणांवरील अमेरिकी चाचणीत तर दोन बैठकांत शिकवलेला घरचा व्यायाम बारा आठवड्यांच्या हस्तोपचारांच्या तोडीस तोड ठरला. दोन बैठकांत भागत असेल, तर बारा आठवडे कुणाच्या सोयीसाठी?

जुनाट दुखणे :
आपले आकडे आपल्यालाच लखलाभ. मी जेथे उपचार घेत होतो, तेथे मला ना कुणी हात लावला, ना व्यायाम शिकवला. हनुवटीखाली पट्टा अडकवून यंत्राने मान ताणायची, पडद्यापलीकडच्या यंत्राची टिकटिक ऐकत पडून राहायचे आणि घंटी वाजली की उठायचे, एवढाच तो उपचार. वर एमआरआयच्या अहवालातील, दोन मणक्यांमधल्या फुगलेल्या चकतीवर बोट ठेवून मला जन्माची भीती घातली गेली. मानेची तक्रार नसलेल्या १२११ जणांच्या एमआरआयचा जपानी अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला असून त्यात ८७.६ टक्के जणांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, हे मला फार उशिरा कळले. शेवटी एका जाणकाराने झटक्यात मान मोडली, कडकन आवाज झाला, मणका जागेवर बसला आणि त्या रात्री मी शांत झोपलो.

रोखठोक :
मणका खरोखर जागचा हलला असता, तर आपण आज येथे टंकत बसला नसता. तो आवाज हाडाचा नसतो. सांध्यातील द्रवात एकाएकी वायूची पोकळी तयार होते, तेव्हा तो उमटतो. बोटाचा सांधा मोडताना हे २०१५ साली एमआरआयमध्ये प्रत्यक्ष टिपले गेले आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्याने पिळल्यावर त्यांचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. आपले नशीब बलवत्तर, एवढेच म्हणतो.

जुनाट दुखणे :
माझ्या बऱ्या झालेल्या मानेला आपण नशीब म्हणणार आणि आपल्या फिनलंडच्या स्त्रियांना विज्ञान! मला आराम पडला, ही वस्तुस्थिती आपल्याला सलते आहे काय?

हस्तस्पर्श :
‘रोखठोक’ यांनी येथेही अर्धेच सांगितले. असे प्रसंग अत्यंत विरळ आहेत. शिवाय धमनीचे अस्तर फाटू लागले की पहिले लक्षण पुष्कळदा मानदुखी हेच असते आणि तेवढ्यासाठीच तो माणूस उपचार घ्यायला जातो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या २००८ सालच्या अभ्यासात अशा पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे हातांनी झटका देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्याच्या, भेटीशी जितका आढळला, तितकाच साध्या डॉक्टरच्या भेटीशीही आढळला. तरीसुद्धा मी मान मोडत नाही. २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या पाहणीत, झटक्याचे आणि हळुवार हालचालीचे परिणाम साधारण सारखेच निघाले. मग विरळ का होईना, तो धोका पत्करायचा कशाला?

रोखठोक :
म्हणजे एवढा धुरळा उडवून आपण माझ्याच बाजूला आलात. स्वागत आहे.

हस्तस्पर्श :
आपल्या बाजूला नव्हे. झटका नको म्हणणे वेगळे आणि हात नकोत म्हणणे वेगळे.

मध्यममार्गी :
या हातघाईत एक गोष्ट राहून गेली. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा मानदुखीसोबत ताप आला, तर व्यायाम की हात हा वाद बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बाकी, पहिल्या काही बैठकांत हात आणि पुढे रुग्णाचा स्वतःचा व्यायाम, यावर कुणाची हरकत आहे?

रोखठोक :
‘काही बैठका’ म्हणजे किती, हे पहिल्याच दिवशी रुग्णाला सांगणार असाल, तर माझी हरकत नाही. सांगणारे मला अजून भेटलेले नाहीत.

जुनाट दुखणे :
आपला वाद चालू द्या. मला तो व्यायाम तेवढा कुणीतरी सांगा.

हस्तस्पर्श :
उताणे झोपून, डोके न उचलता, हळूच ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी किंचित खाली आणावी, काही सेकंद तशीच धरून सोडावी आणि दुखणार नाही इतपतच पुन्हा करावी.

रोखठोक :
हे शिकवायला आपले अंगठे लागले नाहीत, याची नोंद घेतली आहे.

हस्तस्पर्श :
ते करताना गळ्याच्या बाजूला बोट ठेवून पाहा. तेथील स्नायू ताठ होत असेल, तर आपण व्यायाम चुकीचा करत आहात, आणि तो सैल कसा सोडायचा हे मला लिहून सांगता येणार नाही.