गिअरबॉक्स उघडून बसवल्यावर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) नेमकं किती लागते?

हिंगणा_रोड:
गाडी ह्युंदाई डिझेल, ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक. वाडीच्या एका गॅरेजात गिअरबॉक्स खाली उतरवून पूर्ण काम झालं. क्लच प्लेटा आणि सगळे सील नवे, टॉर्क कन्व्हर्टर कापून आतून नवा केला, कूलरच्या लाइनी धुतल्या. बिलावर एसपी-फोर (ह्युंदाईचं एटीएफ) ५ लिटर लिहिलं आहे.
आता सकाळी डी टाकला की दोन सेकंद काहीच होत नाही, मग धक्का बसते. उड्डाणपूल चढताना नाहीतर वळणावर आरपीएम एकदम वर जातो, वेग मात्र तेवढाच. खालून घूंऽऽ असा आवाजही आहे. मेकॅनिकचं म्हणणं, "लेव्हलच्या भोकातून तेल बाहेर आलं तेव्हाच बोल्ट लावला, फुल आहे." डिपस्टिक नाही. कंपनीच्या आकड्यानुसार ७ लिटरच्या वर पाहिजे. वरून दोन लिटर टाकून देऊ का?

पाना_१७:
टाकून देऊ नका भाऊ, आणि तोवर गाडी चालवूही नका. नव्या क्लच प्लेटा कमी प्रेशरवर घसरल्या की लवकर जळतात.

तुमचा मेकॅनिक खोटं बोलत नसेल, पण त्यानं तपासणी इंजिन बंद ठेवून केलेली दिसते. ह्युंदाई-कियाच्या या ६ गिअरच्या बॉक्समध्ये पूर्ण कोरड्यापासून साधारण ७ ते ८ लिटर बसते, मॉडेलनुसार कमीजास्त. नुसतं ड्रेन करून बदललं तर एवढं निघत नाही, कारण बरंचसं तेल टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचं प्रेशर क्लचकडे वाटणारा भाग) अडकून राहते. म्हणून "जेवढं निघालं तेवढं भरा" हा हिशेब सर्व्हिसिंगला चालते, ओव्हरहॉलला नाही. तुमचा कन्व्हर्टर कापला, म्हणजे तो कोरडा होता. इंजिन बंद असताना ५ लिटरच्या आसपास गेलं की खालची जागा भरते आणि लेव्हलच्या भोकातून धार येते. बोल्ट लावून इंजिन चालू केलं, की पंप तेच तेल ओढून कन्व्हर्टर आणि कूलर भरतो आणि खाली जवळजवळ काही उरत नाही. दोन लिटर कुठे गेलं नाही, पडलंच नाही.

मग चढावर किंवा वळणावर तेल एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो, प्रेशर पडते. घूंऽऽ आवाज त्याचाच. सकाळचे दोन सेकंदही तेच: क्लच दाबायला पुरेसं प्रेशर वेळेत उभं होत नाही.

करायचं असं. गाडी सपाट पाहिजे. पुढून जॅक लावून तपासलं तर लेव्हल चुकते, त्यापेक्षा गॅरेजचा खड्डा बरा, चारही चाकं जमिनीवर राहतात. वरचा आयबोल्ट (तेल भरायच्या भोकाचा) काढून लांब नळीच्या नरसाळ्यानं आधी १ लिटर टाका. ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू करा. पी पासून डी पर्यंत आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत, दोनदा फिरवा. त्यानंतर ७०० मिली आणखी. तेल ५० ते ६० अंशांच्या दरम्यान आलं की इंजिन चालूच ठेवून, लिव्हर पी मध्ये, खालचा लेव्हल बोल्ट काढा. बारीक, सलग धार आली तर बरोबर. जाड धार आली तर बारीक होईपर्यंत वाहू द्या. काहीच आलं नाही तर बोल्ट लावा, पाव-पाव लिटर वाढवा, परत तपासा.
धार पूर्ण थांबायची वाट पाहू नका. तेल तापत राहते, फुगत राहते, ठिबकणं संपतच नाही, आणि तुम्ही हवं असलेलं तेल काढून बसता.

बोल्टचा वायसर दर वेळी नवा. ३५ ते ४५ न्यूटन मीटरच्या वर आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे आहेत.

ऑइलसील:
वरच्यात भर. तापमानाला एवढं महत्त्व का, त्याचा हिशेब: एटीएफ दर १० अंशाला अंदाजे पाऊण टक्का फुगते. ७ लिटरमागे ५० मिलीच्या वर. ९० अंशावर तपासलं तर फुगलेलं तेल सांडून जाते आणि थंड झाल्यावर बॉक्स कमी भरतो. थंडगार तपासलं तर उलट, जास्त भरता. जास्त भरणंही बरं नाही: फिरते गिअर तेल घुसळतात, फेस होतो, ब्रीदरमधून (बॉक्सची हवा सोडणारं तोंड) बाहेर येतो, आणि फेसानं प्रेशर पुन्हा पडते. म्हणजे कमी आणि जास्त, दोन्हीची लक्षणं सारखीच. लक्षणावरून अंदाजे ओतणारे इथेच फसतात.

ह्युंदाईची ५०–६० अंशांची खिडकी, म्हणजे लेव्हल तपासायची तापमानाची मर्यादा, आपल्याकडे सोपी जाते. टोयोटाच्या डब्ल्यूएस तेलाच्या बऱ्याच बॉक्सना ३५–४५ च्या आसपास पाहतात. नवतप्यात नागपूरची हवाच ४५ ला टेकते! उन्हात उभ्या गाडीचं तेल सुरू करायच्या आधीच खिडकीच्या बाहेर. अशी गाडी रात्रभर सावलीत ठेवून सकाळी सहालाच घ्यावी.

हिंगणा_रोड:
समजलं, धन्यवाद. मेकॅनिककडे तेलाचं तापमान दाखवणारा स्कॅनर नाही. माझ्याकडचं स्वस्त ओबीडी (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारं यंत्र) तापमान दाखवते, ते चालेल?

पाना_१७:
ते बहुतेक इंजिनच्या कूलंटचं आहे, गिअरबॉक्सच्या तेलाचं नाही. दोन्हीत मोठा फरक पडते. ट्रान्समिशन ऑइल टेम्परेचर असं स्पष्ट दाखवणारा स्कॅनर पाहिजे.
इन्फ्रारेड गन वापरायचीच असेल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर थेट मारू नका, खूप कमी आकडा येतो. केसिंगच्या खालच्या भागावर, सायलेन्सरपासून दूर, काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मारा. तरी आतलं तेल बाहेरच्या धातूपेक्षा थोडं गरमच समजा.

काळी_माती:
हा धागा वाचून कोणी भलत्याच गाडीत एटीएफ ओतू नये म्हणून. एएमटीत (साध्या गिअरबॉक्सचे क्लच-गिअर आपोआप हलवणारा प्रकार) साधं गिअर ऑइलच असते, क्लच-गिअर हलवणाऱ्या हायड्रॉलिक युनिटचं तेल वेगळं. सीव्हीटीला (ठरावीक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारा प्रकार) सीव्हीटीचंच तेल, नाहीतर बेल्ट आणि पुलीची पकड बिघडते. ड्राय क्लचच्या डीसीटीत (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) तर गिअर ऑइल दोन लिटरच्या आसपासच. "ऑटोमॅटिक आहे, लाल तेल द्या" असं दुकानात सांगू नका, डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा.
आणि बिलाबरोबर रिकामे डबे मागून घ्या. किती लिटर पडलं यावरचा वाद तिथेच संपतो.

ऑइलसील:
@हिंगणा_रोड, लेव्हल जमल्यावरही धक्का राहिला तर लगेच बॉक्स उघडू देऊ नका. नव्या क्लचसाठी स्कॅनरनं जुनी लर्निंग व्हॅल्यू (जुन्या क्लचप्रमाणे कंप्युटरनं शिकलेले आकडे) रिसेट करावी लागते, नंतर हळू ॲक्सिलरेटरवर सगळे गिअर चढत-उतरत गाडी चालवावी लागते. ते झालं का, विचारा.
साधारण २०० किलोमीटरनंतर लेव्हल पुन्हा पाहा, लाइनीतली हवा निघाली की थोडं खाली जाते. त्या वेळी निघालेलं तेल पांढऱ्या कपड्यावर घ्या. लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी आणि जळका वास असेल, तर प्लेटांना आधीच लागलं आहे. गुलाबी, दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी येत आहे, आणि मग गाडी टोच्यावरच न्या.