जुनी मॅन्युअल लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर अनंतापर्यंत फोकस होत नाही: दोष लेन्सचा की अ‍ॅडॅप्टरचा? (मदत हवी आहे)

नमस्कार,

फिल्मच्या दिवसांत वडिलांनी वापरलेल्या तीन लेन्स माझ्याकडे आल्या आहेत. त्या कपाटात पडून न राहता रोजच्या वापरात याव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिन्ही लेन्स एम४२ आट्यांच्या, म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या, स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या आहेत: हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ मिमी एफ/२, सुपर टाकुमार २८ मिमी एफ/३.५, आणि सुपर टाकुमार १३५ मिमी एफ/३.५. कॅमेरा सोनी ई माउंटचा (माउंट म्हणजे लेन्स जिथे बसते ती जागा), फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेलचा आहे. मधला अ‍ॅडॅप्टर म्हणजे काच नसलेली, धातूची साधी पोकळ नळी आहे.

सुरुवातीच्या अडचणी माझ्या मी सोडवल्या. लेन्स जोडलेली नाही असे समजून कॅमेरा शटर टाकायला तयार नव्हता, त्यासाठी मेनूतील लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची सोय सुरू केली. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाला लेन्स कळत नसल्यामुळे तिथे ५८, २८ किंवा १३५ असा आकडा दर वेळी हाताने भरतो. दोन्ही टाकुमारवरची कळ ऑटोवरून मॅन्युअलवर सरकवल्यावर त्यांची ॲपर्चरची, म्हणजे प्रकाशाचे भोक लहानमोठे करणारी, पाती व्यवस्थित मिटू लागली. हेलिओसला दोन रिंगा आहेत. एकीने ॲपर्चरची मर्यादा ठरवायची आणि दुसरीने उघडझाप करायची, हे एकदा हाताला समजल्यावर फार आवडले.

खरी अडचण फोकसची आहे. हेलिओसची रिंग अनंताच्या खुणेपर्यंत, अगदी टोकाला टेकेपर्यंत फिरवली तरी दूरची झाडे आणि इमारती मऊ, धुरकट येतात. सपाट जागेवर टेपने अंतर मोजून छापील कागद उभे केले आणि ट्रायपॉडवरून एफ/२ ला, म्हणजे भोक पूर्ण उघडे ठेवून, पाहिले, तेव्हा रिंग टोकाला असताना सुमारे १७ मीटरवरचा कागद सर्वांत स्पष्ट दिसला. त्यापलीकडचे सगळे हळूहळू विरघळत जाते. २८ मिमीची अवस्था तर आणखी वाईट आहे: ती जेमतेम ४ मीटरपर्यंत पोहोचते. १३५ मिमीमध्ये मात्र मला काही दोष आढळला नाही. एफ/८ ला तिन्ही लेन्स बऱ्या वाटतात. आणखी एक गोष्ट कोड्यात टाकणारी आहे: फोकस पीकिंगची (स्पष्ट कडा रंगाने दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातील सोयीची) लाल रेघ दूरच्या झाडांवरही उमटते, पण चित्र मोठे करून पाहिले की ती झाडे स्पष्ट नसतात.

माझा तर्क असा की, अ‍ॅडॅप्टर दोषी असता तर तिन्ही लेन्सना सारखाच त्रास व्हायला हवा होता. १३५ मिमी ठीक चालते, त्याअर्थी उरलेल्या दोन लेन्स कधीतरी कोणी उघडून चुकीच्या बसवल्या असाव्यात. हेलिओसच्या फोकस रिंगवरचे बारीक स्क्रू सैल करून अनंताची जागा पुढे सरकवता येते, असे वाचले आहे. ते करावे का? लेन्स वडिलांची असल्यामुळे, नीट समजून घेतल्याशिवाय तिला हात लावण्याचे धैर्य होत नाही.

प्रतिसाद १

कृपया अजून कोणताही स्क्रू सैल करू नका. आधी दोन साध्या गोष्टी तपासा. लेन्स अ‍ॅडॅप्टरमध्ये शेवटपर्यंत, सहज फिरत जाते का? टी माउंट नावाचा एक प्रकारही ४२ मिमी व्यासाचाच असतो, पण त्याच्या आट्यांमधले अंतर १ मिमी नसून ०.७५ मिमी असते. त्यामुळे एम४२ लेन्स त्यात एकदीड फेरा जाते आणि मग अडकते, आणि जोर लावला तर दोन्हीकडचे आटे खराब होतात. दुसरे असे की, काही अ‍ॅडॅप्टरमध्ये लेन्समागची, पाती मिटवणारी पिन दाबण्यासाठी आतल्या बाजूला कडा असते. ती कडा उंच असेल तर लेन्स पूर्ण टेकत नाही आणि बारीक फट राहते.

धागाकर्ता

आपल्या सूचनेप्रमाणे तपासले. तिन्ही लेन्स कोठेही न अडखळता शेवटपर्यंत फिरतात आणि धातूला धातू टेकल्याचे हाताला स्पष्ट जाणवते. पातळ कागदाची पट्टी फटीत सरकवून पाहिली, ती कोठूनही आत गेली नाही. अंधारात आतून टॉर्च धरला, तरी सांध्यातून प्रकाश आला नाही. शिवाय हेलिओस ४४-२ ला मागे पिनच नसते, त्यामुळे निदान तिच्या बाबतीत तरी कडेचा प्रश्न उद्भवत नाही.

प्रतिसाद २

आपण अंतरे मोजून दिली आहेत म्हणून हा प्रश्न अंदाजावर न सोडता गणिताने सोडवता येईल. आपले मोजमाप मला उत्तम वाटते; त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा झाला आहे.

वस्तू अनंतावर असते तेव्हा लेन्स सेन्सरच्या सर्वांत जवळ असते. वस्तू जसजशी जवळ येते तसतशी लेन्स पुढे सरकवावी लागते, आणि किती सरकवायची त्याचा हिशेब म्हणजे फोकल लेंग्थचा (लेन्सच्या ५८, २८ अशा मिमीतल्या आकड्याचा) वर्ग भागिले वस्तूचे अंतर. हाच हिशेब आता उलटा करून पाहू. ५८ चा वर्ग ३३६४; त्याला १७ मीटरने, म्हणजे १७००० मिलिमीटरने भागले की सुमारे ०.२ मिमी येतात. २८ चा वर्ग ७८४. त्याला ४००० ने भागले तरीही ०.२ मिमीच येतात. वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेल्या दोन लेन्स कोणीतरी उघडून चुकीच्या बसवल्या आणि दोघींची चूक अगदी सारखी, ०.२ मिमीची निघाली, ही शक्यता फारच कमी आहे. दोघींमध्ये समान असलेली वस्तू एकच आहे, ती म्हणजे आपला अ‍ॅडॅप्टर, आणि तो ०.२ मिमीने लांब आहे.

मग १३५ मिमी सुटली कशी? तिचा हिशेब करा: १३५ चा वर्ग १८२२५, भागिले ०.२, म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्या लेन्सने आपण बहुधा माणसे, पक्षी किंवा समोरच्या इमारतीचे तपशील टिपत असाल, म्हणजे ९१ मीटरच्या आतल्याच गोष्टी. म्हणून दोष दिसला नाही. अगदी दूरच्या वस्तूची एफ/३.५ वर चाचणी घ्या. तिथे १३५ मिमीही मऊच येईल. किंबहुना २८ मिमी जितकी मऊ येते तितकीच येईल, कारण दूरच्या बिंदूचा सेन्सरवर पडणारा पसरट ठिपका अशा वेळी फोकल लेंग्थवर नव्हे, तर फक्त एफ आकड्यावर ठरतो. ०.२ भागिले ३.५ म्हणजे सुमारे ०.०५७ मिमी. हेलिओसवर एफ/२ ला तो ०.१ मिमी होतो. आपल्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिमीचा आहे, म्हणजे जो बिंदू एकदोन पिक्सेलांत मावायला हवा तो सोळासतरा पिक्सेलांवर पसरतो आहे. एफ/८ ला तोच ठिपका ०.०२५ मिमी उरतो, म्हणून तिथे चित्र बरे वाटते. ते बरे वाटते इतकेच. पूर्ण मोठे करून पाहिले तर तिथेही चार पिक्सेलांचा मऊपणा आहे.

आपल्या कॅमेऱ्याच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १८ मिमी आहे, आणि एम४२ लेन्सला ते ४५.४६ मिमी लागते. म्हणून अ‍ॅडॅप्टरची लांबी २७.४६ मिमी असायला हवी. व्हर्नियर कॅलिपरने ती मोजा. कॅमेऱ्याच्या माउंटवर जो सपाट पृष्ठभाग टेकतो तिथपासून लेन्सची कडा जिथे टेकते तिथपर्यंत मोजायचे. माउंटच्या आत घुसणारे पातळ ओठ मोजमापात धरायचे नाहीत. निदान चार ठिकाणी मोजा, कारण लांबी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असेल तर चित्राची एक कड कायम मऊ येते, आणि लोक वर्षानुवर्षे त्याचे खापर लेन्सवर फोडत राहतात.

हेलिओसची अनंताची जागा सरकवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ती लेन्स अचूक आहे. तिला अ‍ॅडॅप्टरच्या चुकीशी जुळवून घ्यायला लावले तर योग्य लांबीच्या प्रत्येक अ‍ॅडॅप्टरवर ती चुकीची ठरेल. त्या कामात फोकसचे आटे चुकून पूर्ण सुटले तर ते अनेक जागी पुन्हा लागू शकतात, आणि त्यांपैकी एकच जागा बरोबर असते.

पीकिंगविषयी थोडेसे. ती रेघ कॅमेरा केवळ प्रकाशछायेच्या कडांवरून काढतो. आकाशासमोरच्या फांद्यांसारखी कडक कड थोडी विस्कटली तरी तिच्यावर रेघ उमटते. मोठ्या ॲपर्चरला अंतिम निर्णय नेहमी चित्र मोठे करूनच घ्यावा.

प्रतिसाद ३

वरील विवेचन योग्य आहे. अनुभवाने एक भर घालतो: बहुतेक साधे अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड केलेले असतात, म्हणजे ग्राहकाला अनंत हमखास मिळावे. तसे असेल तर रिंग अनंताच्या थोडी पलीकडे जाते आणि लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात, पण चित्र काढता येते. लांब अ‍ॅडॅप्टरला मात्र असा पर्याय उरत नाही, कारण लेन्स मागे आणण्यासाठी जागाच उरत नाही. ज्यांनी निकॉनच्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर एम४२ लेन्स लावून पाहिल्या आहेत त्यांना हे दुखणे ठाऊक असेल. तिथे माउंटचे अंतरच ४६.५ मिमी असल्यामुळे काच नसलेल्या अ‍ॅडॅप्टरने अनंत कधीच मिळत नाही.

अ‍ॅडॅप्टर लांब निघाला तर तो काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून कमी करावा, असा सल्ला कोणीतरी देईल. तो मानू नये. हाताचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही आणि ०.२ मिमीची चूक काढताना तिरकेपणाची नवी चूक तयार होते. मागची पट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर ती उघडून खाली लांबी वाढवणारी पातळ चकती आहे का, एवढेच पाहा. स्क्रू ड्रायव्हर नेमक्या मापाचा घ्या. हे स्क्रू मऊ असतात आणि डोके एकदा घसरले की निघत नाहीत.

धागाकर्ता

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. सर्वप्रथम १३५ मिमीची चाचणी घेतली. एफ/३.५ ला, रिंग टोकाला ठेवून, फार दूरच्या मनोऱ्याच्या जाळीकडे पाहिले तेव्हा तिचे गज एकमेकांत मिसळलेले दिसले. त्याच वेळी सुमारे ९० मीटरवरच्या फलकाची अक्षरे कातरल्यासारखी स्पष्ट होती. इतके दिवस मी त्या मऊपणाचे कारण हवेतील धूळ समजत होतो.

त्यानंतर कॅलिपरने चार ठिकाणी मोजले: २७.६६, २७.६७, २७.६६ आणि २७.६५ मिमी. म्हणजे अ‍ॅडॅप्टर लांब आहे, पण तिरका नाही. मागची पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली होती. ती उचलल्यावर खाली नखाने सुटी होईल अशी पितळेची पातळ, पूर्ण गोल चकती मिळाली. तिची जाडी ०.२० मिमी भरली. चकती काढली, दोन्ही पृष्ठभाग कोरड्या मऊ कापडाने पुसले आणि स्क्रू समोरासमोरचे जोडीने, थोडेथोडे करून आवळले. आता तीन ठिकाणी २७.४६ आणि एका ठिकाणी २७.४७ मिमी येते. कॅमेऱ्याला लावण्यापूर्वी धातूचा कण सेन्सरवर जाऊ नये म्हणून नळी खाली तोंड करून फुंकणीने दोनतीनदा साफ केली.

रात्री ट्रायपॉडवर हेलिओस लावून, एफ/२ ला, चित्र पूर्ण मोठे करून एका ठळक ताऱ्यावर रोखली. रिंग फिरवत गेलो तसा प्रकाशाचा गोळा आकसत गेला आणि रिंग टोकाला टेकली तिथेच तो लहानात लहान ठिपका झाला. लेन्सचा एकही स्क्रू हलवावा लागला नाही.

२८ मिमीवरच्या अंतराच्या पट्टीचीही परीक्षा घेतली. पूर्वी ३ मीटरची खूण लावली की सुमारे पावणेदोन मीटरवरचा कागद स्पष्ट येत असे आणि मी ती पट्टी निरुपयोगी मानून सोडून दिली होती. आता ३ मीटरच्या खुणेला ३ मीटरवरचाच कागद स्पष्ट येतो.