गोळीच्या आकाराचं शटल असलेल्या जुन्या सिंगरसाठी कुठली पुस्तिका?

रीळदोरा
काळं सिंगर शिलाई मशीन आहे, मॉडेल नंबर कुठेच नाही. बैठकीवर उजवीकडे ‘वाय’पासून सुरू होणारा सात आकडी नंबर आहे. बॉबिन गोल नाही, बारीक लांब दांडी आहे आणि ती बंदुकीच्या गोळीसारख्या शटलमध्ये जाते. चाक मोकळं फिरतं, पण टाके सुटतात. कोणत्या नावाने पुस्तिका शोधू?

उलटीशिवण
असं शटल आणि लांब बॉबिन म्हणजे 27, 28, 127 किंवा 128 यांपैकी एक. बैठक मोजा: साधारण साडेचौदा इंच लांब, सात इंच रुंद असेल तर 27 किंवा 127; स्पष्टपणे लहान असेल तर 28 किंवा 128. मग सुईजवळची सरकती पट्टी उघडा. दाबल्यावर शटल वर उचलून देणारं बटण दिसलं तर 127/128, नाहीतर 27/28. नेमकी पुस्तिका मिळाली नाही तर जोडीतली दुसरी घ्या, म्हणजे 27 ऐवजी 127 ची, 28 ऐवजी 128 ची किंवा उलट. शटल काढायची पद्धत सोडली तर दोरा ओवणं आणि तेल घालायच्या जागा जवळपास सारख्याच आहेत.

शोधताना ‘वापराची पुस्तिका’च हवी हे बघा. ‘सुट्या भागांची यादी’ वेगळी असते, त्यात दोरा ओवण्याचं चित्र नसतं.

जुनंलोखंड
‘वाय’ म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना, 1920 चं दशक किंवा 1930 च्या दशकाची सुरुवात. इस्मॅक्स या संग्राहकांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर नंबरांच्या याद्या आहेत. पण नंबर आधीच गठ्ठ्याने वाटले जात, म्हणून यादीतली तारीख नंबर दिल्याची असते. मशीन त्यानंतरचं असू शकतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेच्या ग्रंथालयानेही जुन्या शिवणयंत्रांचं छापील साहित्य स्कॅन करून ठेवलं आहे.

नंबर वाचायला स्पिरिट लावू नका! वरचा शेलॅकचा (लाखेच्या व्हार्निशचा) थर विरघळतो आणि सोनेरी नक्षी जाते. मऊ कापडाला शिलाई मशीनचं तेल लावून पुसा.

उलटीशिवण
टाके सुटण्याचं आता. या मशीनला 15 × 1 सुई लागते, पाकिटावर एचए × 1 किंवा 130/705 एच असंही लिहिलेलं असतं. ती पूर्ण वर टेकेपर्यंत घुसवा. सुईची सपाट बाजू शटलकडे, लांब खाच उलट बाजूला, आणि दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली तर दोऱ्याचा फास चुकीच्या बाजूला बनतो, शटलचं टोक त्यातून जातच नाही. सुईचं टोक वाकलेलं असलं तरी हेच होतं, म्हणून आधी नवी सुई घाला.

शटल बसवताना टोक तुमच्याकडे. चाकाचा वरचा भाग नेहमी आपल्याकडे फिरवा, उलटं फिरलं की दोरा खाली गुंततो. पहिल्या दोन-तीन टाक्यांना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा.

जुनंलोखंड
इतकं करूनही टाके सुटले तर शटल ज्यात बसतं ती पाळणी तपासा. जुनं तेल चिकट होऊन तिथे धूळ बसते. ब्रशने काढून शिलाई मशीनचंच तेल द्या. खाद्यतेल नको, ते सुकून डिंकासारखं घट्ट होतं.