मायोकार्डायटिसमध्ये अँटीबॉडी खरंच हृदय कमजोर करतात का?

परळचा_पश्या:
आमच्या बिल्डिंगमधल्या ३२ वर्षांच्या पोराला तापानंतर मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूला सूज) झाला, ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, ३० वर आलंय, स्टेशनचा ब्रिज चढवत नाही. डॉक्टर बीटा ब्लॉकर (हृदयावरचा अॅड्रेनलिनचा जोर कमी करणारं औषध) देतायत पण अँटीबॉडीचं नावच नाही. माझं म्हणणं सरळ आहे, शरीर स्वतःच्याच हृदयाविरुद्ध अँटीबॉडी बनवतंय तर टेस्ट करून त्या रक्तातून गाळून टाका ना. २००४ मध्ये जर्मनीतल्या टीमने उंदरांमध्ये बीटा-१ रिसेप्टरच्या (हृदयपेशीवर अॅड्रेनलिन जिथे चिकटतं ते प्रोटीन) तुकड्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करवल्या, हृदय फुगलं, मग त्यांचं सीरम (रक्तातला अँटीबॉडी असलेला पातळ भाग) धडधाकट उंदरांना टोचलं तर त्यांचंही तेच झालं. अजून काय पुरावा पाहिजे?

माहीमची_सुनंदा:
उंदरांचं ठीक आहे हो, पण मी पॅथॉलॉजीवाली. मायोसिन म्हणजे स्नायूच्या पेशीतलं प्रोटीन, त्याविरुद्धच्या अँटीबॉडी हार्ट अटॅकनंतरही सापडतात, पेशी फुटल्या की आतलं प्रोटीन बाहेर येतं म्हणून. म्हणजे आधी इजा, मग अँटीबॉडी. आणि मायोकार्डायटिसच्या बायोप्सीत (हृदयाचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) मुख्यतः टी सेल्स आणि मॅक्रोफेज दिसतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, अँटीबॉडी नव्हे. नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन काय करणार?

परळचा_पश्या:
ताई, मायोसिन आत असतं, मान्य. पण बीटा-१ रिसेप्टर तर पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतो! अँटीबॉडी तिथे चिकटली की अॅड्रेनलिन सारखं चालूच असल्यासारखं होतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि कालांतराने ती मरते. रुग्णांच्या अँटीबॉडी उंदराच्या हृदयपेशींवर टाकल्या तर आकुंचन कमी झालेलंही दिसलंय. म्हणजे ह्या अँटीबॉडी नुसता फुटलेल्या पेशींचा कचरा उचलत नाहीत.

मुलुंड_ईस्ट_वाला:
मग २००१ ची आयमॅक ट्रायल बघ. नुकतंच दुखणं सुरू झालेले ६२ रुग्ण, साधारण निम्म्यांना आयव्हीआयजी (निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून), बाकीच्यांना प्लासिबो (औषध नसलेला डोस), आणि ईएफ दोन्हीकडे सारखंच सुधारलं. फुकट लाखोंचा खर्च झाला असता.

परळचा_पश्या:
अरे पण आयव्हीआयजी म्हणजे दुसऱ्यांच्या अँटीबॉडी देणं, मी गाळण्याबद्दल बोलतोय!

माहीमची_सुनंदा:
गाळल्यावर बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये आयव्हीआयजीच देतात, इन्फेक्शन होऊ नये म्हणून, मग सुधारणा कशामुळे झाली ते वेगळं काढायचं कसं? त्यापेक्षा २००९ ची टिमिक ट्रायल बघा, ८५ रुग्ण, बायोप्सीत सूज आहे पण व्हायरस नाही हे पाहून निवडले, निम्म्यांना प्रेडनिसोन आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) दिलं, बाकीच्यांना प्लासिबो, औषधवाल्यांचं ईएफ सुधारलं. निवड अँटीबॉडीवर नव्हती. पण ते सगळे सहा महिन्यांहून जुने केसेस होते हां. ह्या मुलाला किती दिवस झाले?

परळचा_पश्या:
गणपतीत ताप आला होता.

मुलुंड_ईस्ट_वाला:
म्हणजे केस अजून नवीनच आहे, मग थांब की. आयमॅकमध्ये प्लासिबोवाले पण सुधारलेच ना.

परळचा_पश्या:
थांबायचं तुला सोपं वाटतंय, त्याच्या आईला जाऊन सांग. मी त्याच्या डॉक्टरांना एमआरआय आणि बायोप्सीबद्दल तरी विचारणारच, आणि अँटीबॉडीचंही विचारणार, भले ते हसले तरी.