मदत हवी आहे: पार्टीवार तासांची बेरीज कमी येऊन राहिली

धरमपेठी_पोरगा (दुपारी १:१२)
सम-इफ्स (अटी लावून बेरीज करणारा फॉर्म्युला) लावलं तरी बेरीज कमी येऊन राहिली. पार्टी बरोबर, महिना बरोबर, हो-नाही बरोबर. सरांना सहापर्यंत बिलं पाहिजेत. कोणी बरोबरचा फॉर्म्युला टाका ना लवकर. मोबाइलवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीच आहे, समजून घ्या.

संत्रा_बर्फी (१:१९)
कशाची बेरीज? कोणती पार्टी? हो-नाही म्हणजे काय? एक्सेल की गूगल शीट? आम्ही काय तुमच्या बाजूच्या टेबलावर बसलोय का?

धरमपेठी_पोरगा (१:२४)
सॉरी. टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे. कोणाच्या कामात किती वेळ गेला ते रोज लिहितो. रकाने: तारीख, पार्टी (म्हणजे क्लायंट), काम, वेळ, बिलात धरायचं का (हो/नाही). एका पार्टीचे एप्रिलमधले फक्त 'हो'वाले तास पाहिजेत. गूगल शीट.

पिव्होट_जिंदाबाद (१:२६)
फॉर्म्युला काहून लावता भाऊ? पिव्होट टेबल टाका, शीट आपोआप गट पाडून बेरीज देते, पार्टी रोमध्ये, बिल फिल्टरमध्ये. दोन मिनिटांचं काम. मी दहा वर्षांत सम-इफ्सला हात लावला नाही.

सावजी_रस्सा (१:३१)
बेरजेचा रकाना शेवटी दिला असेल. सम-इफमध्ये तो शेवटी येतो, सम-इफ्समध्ये पहिला. सगळे इथेच फसतात. आणि महिन्याला दोन अटी लागतात, १ एप्रिलपासून पुढे आणि १ मेच्या आधी.

धरमपेठी_पोरगा (१:३५)
पहिलाच दिला आहे. दोन्ही अटी आहेत. =सम-इफ्स(वेळ, पार्टी, "हिंगणा", बिल, "हो", तारीख, ">="&१ एप्रिल, तारीख, "<"&१ मे). अशीच आहे बाप्पा, फक्त तारखा डेट फंक्शनमध्ये आहेत.

जीएसटी_काका (१:४०)
बिलावर १८ टक्के जीएसटी लावायला विसरू नका. सॅक कोड (जीएसटीतला सेवेचा नंबर) ९९८२.

संत्रा_बर्फी (१:४१)
काका, तास जुळून नाही राहिले, टॅक्स कुठून आणला मधातच? धरमपेठी, हिंगण्याच्या नोंदी जशाच्या तशा टाका. वेळ *कसा* लिहिता ते सांगा.

धरमपेठी_पोरगा (१:५०)
एप्रिलच्या चारच आहेत. १.३०, २.४५, ०.५०, ३.१५. हाताने ८ तास २० मिनिटं होतात. शीट ७.४ दाखवते.

संत्रा_बर्फी (१:५४)
मग फॉर्म्युल्याचा काय दोष? तुम्ही लिहिता दीड तास, शीट वाचते एक तास अठरा मिनिटं. पॉइंटनंतरचे आकडे तिच्यासाठी शंभरातले, तुमच्यासाठी साठातले. ०.५० तर ती ०.५ करून दाखवत असेल. तुमच्या मनात पन्नास मिनिटं, सर वाचणार अर्धा तास.
बाजूला नवीन रकाना घ्या. वेळ घ२ मध्ये असेल तर: =इंट(घ२)+(घ२-इंट(घ२))*१००/६०. इंट म्हणजे पॉइंटच्या आधीचा पूर्ण आकडा. खालपर्यंत ओढा आणि सम-इफ्सला हा रकाना द्या. ८.३३ यायला पाहिजे.

सावजी_रस्सा (१:५८)
नवीन रकाना कशाला, सम-इफ्सच्या आतच गुणाकार टाका.

संत्रा_बर्फी (२:०१)
टाकून बघा. बेरजेच्या जागी त्याला सरळ सेलची रेंज लागते, आतला हिशेब तो घेत नाही. तसंच करायचं तर समप्रॉडक्ट फॉर्म्युला, त्याला आतला गुणाकार चालतो.

पिव्होट_जिंदाबाद (२:०३)
पिव्होटमध्ये हा त्रास आलाच नसता.

संत्रा_बर्फी (२:०४)
पिव्होटनेही ७.४च दिले असते. छान चौकटीत.

जुना_कारकून (२:१५)
आमच्या बँकेत ओव्हरटाइमच्या रजिस्टरात तास आणि मिनिटं वेगवेगळ्या रकान्यांत असत. मिनिटांची बेरीज, साठाने भाग, हातचे तासांत. चूक व्हायला जागाच नाही. रात्री दिवे गेले तरी कंदिलाखाली जुळत असे.

सावजी_रस्सा (२:१८)
काका, कोणती शाखा? महालातली का? तिथे समोर तर्री-पोह्याची गाडी लागायची ना?

जुना_कारकून (२:२१)
इतवारी. पोहे होते, पण तर्री आजच्यासारखी पातळ नव्हती.

धरमपेठी_पोरगा (२:४०)
हिंगण्याचे ८.३३ आले! पण 'इतवारी किराणा'चे अजून कमी आहेत. पाच नोंदी डोळ्यांना दिसतात, शीट तीनच धरते.

सावजी_रस्सा (२:४३)
अटीत "इतवारी*" लिहा. चांदणी लावली की सगळ्या येतात.

संत्रा_बर्फी (२:४६)
हो, आणि इतवारीतली दुसरी कोणती पार्टी असली तर तीही येते. त्या दोन नोंदी कोणी टाकल्या? सेलमध्ये डबल क्लिक करून कर्सर कुठे उभा राहतो ते बघा.

धरमपेठी_पोरगा (२:५५)
किराणाच्या पुढे एक घर सोडून उभा आहे. आमचा नवीन मुलगा फोनवरून भरतो, तो सजेशनवर बोट मारतो. आणि हो, 'इतवारी कापड' पण आहे आमच्याकडे. चांदणी लावली असती तर कापडवाल्याचे तास किराणाच्या बिलात गेले असते.

संत्रा_बर्फी (२:५८)
नावाच्या रकान्याला ट्रिम लावा, नावापुढची ती मोकळी जागा निघून जाईल. मग डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन करून द्या, पोराला नाव टाइप करूच देऊ नका. पुढच्या महिन्यापासून वेळ १:३० असा कोलनने लिहा. तेव्हा बेरजेला कंसातल्या एचचा, म्हणजे [h] वाला ड्युरेशन फॉरमॅट द्या, नाही तर २६ तासांचे २ दिसतील. आणि रेटने गुणायच्या आधी २४ ने गुणा, कारण शीट वेळ दिवसाच्या भागात ठेवते.

धरमपेठी_पोरगा (४:३२)
सगळं जुळलं. थँक्यू ताई. आमचा रेट तासाला ६०० आहे. हिंगण्याचं बिल ४,४४० चं निघत होतं, आता ५,००० चं निघालं. सरांना दाखवलं. ते खुश झाले, मग थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, मार्चही असाच लिहिला होता का?

सावजी_रस्सा (४:३४)
होता का?

धरमपेठी_पोरगा (४:३५)
मी दिवाळीपासून आहे.

जीएसटी_काका (४:४१)
गेलेल्या बिलात रक्कम कमी लागली असेल तर डेबिट नोट (कमी लागलेल्या रकमेचा कागद) काढा. जीएसटी कायद्याचं कलम ३४. मघाशी मला टॅक्स कुठून आणला विचारत होते.

धरमपेठी_पोरगा (४:४४)
काका, तुम्ही ऑनलाइन आहात ना अजून? सर मार्चची फाइल घेऊन इकडेच येऊन राहिले.