बाबांसाठी आवाजावर चालणारे लाइट-पंखे करायचेत, कुठली वस्तू कशाशी जुळते?

सांगलीकर_पुण्यात
नमस्कार मंडळी, सांगलीला आईबाबा दोघंच असतात. मार्चमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, उजवा हात अजून उचलत नाही, चालणं वॉकरवर. रात्री पंखा कमी करायचा म्हटलं तरी आईला उठावं लागतं आणि तिचे गुडघे आधीच दुखतात. दिवाळीत घरी होतो तेव्हा रात्री दोनला जाग आली, बघतो तर बाबा पलंगावर बसून डाव्या हातात काठी धरून बोर्डाचं बटण दाबायला बघतायत, म्हणाले तिला कशाला उठवू. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.
मग ऑफरमध्ये दिसलं ते उचललं, एका कंपनीचा बल्ब, दुसऱ्याचा प्लग, तिसऱ्याचा मोशन सेन्सर. तीन अ‍ॅप झाली आणि सेन्सर जोडलाच जात नाही, खोक्यावर झिगबी लिहिलंय. घर १९९६ चं, वायरिंग तेव्हाचंच. बेडरूममध्ये लाइट-पंखा, हॉलमध्ये टीव्ही-एसी, बाथरूममध्ये २५ लिटरचा गिझर. बाबा मराठीच बोलतात, हिंदी कामापुरतं, आणि आता बोलणं थोडं जड झालंय. सुरुवात कुठून करू?

वायरमन_इचलकरंजी
दादा, बल्बचं खूळ आधी सोडा. स्मार्ट बल्बला भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं, आईने सवयीने बटण बंद केलं की बल्ब मेला, मग कितीही ओरडा. त्यापेक्षा बोर्डाच्या मागे बसणारं वायफाय मॉड्यूल, म्हणजे वायफायवर चालणारा छोटा स्विच, घ्या, बटणंही चालतात आणि आवाजही चालतो, म्हातारी माणसं असलेल्या घरात हे दोन्ही पाहिजेच. पण बोर्ड उघडून आत न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आलीय का ते आधी बघा, बहुतेक मॉड्यूलला ती लागते. त्याच बोर्डावर प्लगचं सॉकेट असेल तर न्यूट्रल नक्की मिळेल. आणि १९९६ चा डबा कमी खोलीचा असला तर मॉड्यूल कोंबून बसवू नका, डबा बदला.
पंख्याची गंमत वेगळी. साध्या ऑन-ऑफ मॉड्यूलने पंखा चालू-बंद होईल, स्पीड नाही बदलणार, आणि तुमच्या बाबांना तर स्पीडच कमी करायचाय. सरळ रिमोटवाला बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा घ्या, साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास, म्हणजे इन्व्हर्टरवरही जास्त वेळ चालेल. फक्त त्याच्या लाइनीतला जुना रेग्युलेटर काढून टाकायचा, तो ठेवून बीएलडीसी चालवायचा नाही.

आजीची_नात
माझ्या आजीकडे दोन वर्षं हे चालू आहे म्हणून लिहिते. आधी बोलणार कुणाशी ते ठरवा, अ‍ॅलेक्सा की गूगल, आणि मग त्याचं नाव खोक्यावर असेल तीच वस्तू घ्यायची, उलटं केलं की तीन अ‍ॅप होतात. मॅटरचं चिन्ह असेल तर आणखी चांगलं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकांशी जुळाव्यात म्हणून केलेलं हे मानक २०२२ मध्ये आलं, ती वस्तू अ‍ॅलेक्सा, गूगल, अ‍ॅपल तिन्हीकडे जाते. पण घेताना मॅटर वायफायवरचं घ्या, थ्रेडवालं (ही वायफायहून वेगळी बिनतारी पद्धत) घेतलं तर आणखी एक यंत्र लागतं. तुमच्या झिगबी सेन्सरचं तेच झालंय, झिगबीही वायफायहून वेगळी बिनतारी पद्धत, त्याला हब म्हणजे मधलं जोडणारं यंत्र पाहिजे. चौथ्या पिढीच्या मोठ्या गोल इकोत (अ‍ॅलेक्साचा स्पीकर) तो आतच आहे, छोट्या इको डॉटमध्ये नाही.
भाषेचं टेन्शन घेऊ नका. अ‍ॅलेक्साला हिंदी येतं आणि "पंखा बंद कर", "लाइट चालू कर" ही वाक्यं मराठीत आणि हिंदीत सारखीच आहेत! आमची आजी मराठीच बोलते आणि काम होतं. अडतं ते "हॉलचा", "खोलीतला" इथे. म्हणून प्रत्येक वस्तूला एका शब्दाचं सुटं नाव द्या, दोन पंखे असले तर एक पंखा आणि दुसरा फॅन. आणि बाबांचं बोलणं जड आहे तर हाक मारायचा शब्द बदलून इको करा, दोन अक्षरं, जीभ वळवावी लागत नाही. नावं ठरवताना बाबांनाच बोलायला लावा, त्यांच्या तोंडात सहज येतं तेच नाव ठेवा, हे मी कळकळीने सांगतेय.

नेटवर्क_नाशिक
वायफायचं कुणी बोललं नाही. ह्या बहुतेक वस्तू वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात, ५ वर नाही. राउटरवर २.४ आणि ५ ला एकच नाव असलं की जोडताना त्रास होतो, २.४ ला वेगळं नाव द्या. राउटरला छोटा यूपीएस लावा, कारण लाइट गेली की नेट जातं, नेट गेलं की आवाजावर काही चालत नाही. मॉड्यूलच्या अ‍ॅपात वीज परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग असते, ती "आधी होतं तसं" वर ठेवा, नाहीतर रात्री तीनला लाइट भकाभक पेटेल. एसी-टीव्हीला आयआर ब्लास्टर, म्हणजे रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल सोडणारं छोटं यंत्र, लावा, पंख्याचा रिमोट आयआर असेल तर तोही त्यातच बसेल, पण आरएफ (रेडिओ लहरींवर चालणारा) रिमोट असला तर नाही, दुकानात विचारून घ्या. आणि ब्लास्टर एका खोलीपुरताच, भिंतीपलीकडे जात नाही.

वायरमन_इचलकरंजी
गिझरचं राहिलं. २५ लिटरचा बहुतेक २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपियर. ६ किंवा १० अँपियरच्या स्मार्ट प्लगवर तो लावूच नका, वितळलेले प्लग मी स्वतः काढलेत. १६ चा घ्या आणि अ‍ॅपात वीस मिनिटांनी आपोआप बंद लावा. अर्थिंगही तपासून घ्या.

सांगलीकर_पुण्यात
सगळ्यांचे मनापासून आभार. बल्ब परत केला. मागच्या शनिवारी बेडरूमचं मॉड्यूल, बीएलडीसी पंखा आणि ब्लास्टर बसला, न्यूट्रल बोर्डातच मिळाली. बाबांना "फॅन" जमेना, "पंखा" लगेच जमलं. पहिल्यांदा पंखा थांबला तेव्हा त्यांनी तीन वेळा चालू-बंद करून बघितला. रात्री आई उठली नाही. एकच अडचण, रात्री ते मशीन मोठ्याने "ओके" म्हणतं आणि तिची झोपमोड होते.

आजीची_नात
अ‍ॅलेक्साच्या अ‍ॅपात व्हॉइस रिस्पॉन्समध्ये ब्रीफ मोड आहे तो चालू करा, ओकेच्या जागी बारीक टुंग वाजतं. आणि स्पीकर आईच्या उशाकडून काढून बाबांच्या बाजूला ठेवा, मग आवाज दोनवर ठेवला तरी पुरतो.