मशीन लर्निंग घेऊन एकाच क्षेत्रात राहावं की फिरावं? सल्ला हवा

फोंडेकर: मेकॅनिकलमध्ये पीएचडी केली, विषय कंपनांवरून बेअरिंगचा बिघाड ओळखणे. आता गोव्यातच शिकवतो. माझे गाईड कंपनांवरून ईसीजीकडे, तिथून पिकांच्या फोटोंकडे गेले आणि सगळीकडे टिकले. माझ्यापुढे सध्या दोन विषय आहेत: फोटोंवरून काजूगरांची प्रतवारी, आणि किनाऱ्याजवळच्या पाण्याचं तापमान. कुठला घेऊ? की ‘हा कशातच पक्का नाही’ म्हणतील?

दर्यावर्दी: पाण्याचा घ्या. बेअरिंग काय, ईसीजी काय, समुद्र काय, काळानुसार नोंदलेले आकडेच ते. तुमचा हात त्यावर बसलेला आहे. पण कोड लिहिण्याआधी दोना पावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) एखादा समुद्रशास्त्रज्ञ गाठा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याकडे खालून थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी सरकतं. हे माहीत नसलेला माणूस तळाजवळचं उतरलेलं तापमान सेन्सरचा बिघाड समजून पुसून टाकेल, आणि नेमकं तेच शोधायचं होतं!

जुना मास्तर: दोन्ही घ्या, लोक म्हणेनात का. फक्त चाचणीचा डेटा बाजूला कसा काढायचा, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवा. ईसीजीत एकाच रुग्णाचे ठोके शिकवण्याच्या आणि चाचणीच्या अशा दोन्ही डेटात गेले की अचूकता फुकटात वाढते. बेअरिंगवाले तर यात पटाईत. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा तोच डेटा, दोन्हीकडे त्याच बेअरिंगच्या नोंदींचे तुकडे, आणि वर ९९ टक्क्यांचे पेपर. (तुमचा त्यात नसेल अशी आशा.) समुद्राच्या डेटात चिठ्ठ्या टाकून वाटणी नको. आधीची वर्षं शिकवायला, नंतरची तपासायला.

काजूत गोम वेगळीच आहे. डब्ल्यू-१८० म्हणजे पौंडाला १७० ते १८० गर, डब्ल्यू-२४० म्हणजे २२० ते २४०. प्रतच आकारावर ठरते. कॅमेऱ्याचं अंतर पक्कं नसेल किंवा फ्रेममध्ये मोजपट्टी नसेल, तर मॉडेल काय ओळखणार? एका कारखान्यात शिकवा, दुसऱ्यात तपासा.

माशेलकरीण: डेटा थोडा असेल तर आधी रँडम फॉरेस्ट (बऱ्याच निर्णयवृक्षांचा मिळून कौल घेणारी पद्धत). डीप लर्निंगची, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कची, घाई नको.

फोंडेकर: आभार मंडळी. आधी पाण्याचं घेतो. मास्तर, दुसरा कारखाना दारात उभं करील का? पहिल्याच्या मालकालाच फोटो काढायला तयार करताना नाकीनऊ आले.

जुना मास्तर: पहिल्याचे निकाल घेऊन जा. शेजारच्याचं कसं चाललंय ते बघायला कुणीही दार उघडतो.